यंत्र शिकायला गेले ते वर्ष

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा माझ्या टायपिंगमध्ये काहीतरी चूक निघाली असणार असं धरूनच मी गेले. तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर्सच्या हिशेबखात्यात कारकून होते. सकाळच्या शटलने लोणावळ्याहून यायचं, संध्याकाळच्या शटलने परत जायचं. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. केबिनमध्ये बाईमाणसाला बसायला सांगायची तेव्हा पद्धत नव्हती, म्हणून साहेब "बसा" म्हणाले तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

"पुण्यात एका कॉलेजनं नवा कोर्स काढलाय," ते म्हणाले. "डेटा प्रोसेसिंगचा. कॉम्प्युटरला काम कसं सांगायचं ते शिकवतात. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग असतो. कंपनी आपल्या खात्यातून एकाला पाठवणार आहे. तुमचं नाव देऊ का?"

"माझं? हॉलमध्ये माझ्यापेक्षा जुनी माणसं आहेत."

"जुन्यांना विचारून झालं."

त्यांनी कुणाला विचारलं होतं ते मी विचारलं नाही. माझं लक्ष 'कॉलेज' या शब्दावरच अडकलं होतं. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी माझे वडील गेले. ते रेल्वेत होते, खंडाळ्याच्या घाटात लाइनीवर काम करायचे. ते गेल्यावर कॉलेजचं नाव घरात कुणी काढलं नाही. मी बाजारपेठेतल्या एका टायपिंग क्लासला जायला लागले, आई खंडाळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जायला लागली, आणि आमचं आयुष्य रुळावर आलं. माझ्याबरोबरच्या दोन मुली पुण्याला कॉलेजात गेल्या. सुट्टीत भेटल्या की त्या प्रोफेसरांच्या नकला करायच्या आणि मी हसायचे.

"द्या नाव," मी म्हणाले.

कॉम्प्युटर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रात एकदा फोटो पाहिला होता, त्यात एक कपाट आणि कपाटाशेजारी एक टाय लावलेला माणूस होता.

आमचा हॉल लांबलचक होता. कारखान्यात येणारा आणि स्टोअर्समधून यंत्रांवर जाणारा प्रत्येक सुटा भाग, बेअरिंग असो नाहीतर साधा वॉशर, त्याची आवक, जावक आणि शिल्लक तिथे रोज लिहिली जायची. दोन रांगांत टेबलं होती. पहिल्या टेबलावर आबा बसायचे. आबा म्हणजे आमचे हेडक्लार्क. वडगावच्या पलीकडच्या एका खेड्यातले, जुन्या काळची मॅट्रिक झालेले, शुभ्र धोतर आणि वर कोट. सगळा हॉल त्यांना आबा म्हणायचा, साहेबसुद्धा. मी नोकरीला लागले तेव्हा मला आवक-जावक म्हणजे काय हेही कळत नव्हतं. आबांनी मला शेजारी बसवून शिकवलं. "पोरी, आकडा लिहिताना घाई करायची नाही. घाईनं काढलेला सात पुढच्या माणसाला एक दिसतो," असं ते सांगायचे. दुपारी त्यांच्या टेबलाभोवती पाचसहा जण डबे घेऊन बसायचो. त्यात तळेगावची एक टायपिस्ट होती, माझ्याच वयाची. तिची आणि माझी भाजी नेहमी अर्धी अर्धी व्हायची.

त्या शनिवारी मी पहिल्यांदा कॉलेजच्या फाटकातून आत गेले. सव्वीस वर्षांची बाई, हातात छत्री आणि जेवणाचा रिकामा डबा. आवारात पोरंपोरी गप्पा मारत उभी होती. शिपायाने मला विचारलं, "कुणाला भेटायचंय? भाऊ शिकतो का इथं?" मी म्हटलं, मीच शिकते. त्याने वर्ग दाखवला. वर्गात पंचवीसेक पुरुष होते, बहुतेक पुण्याच्या आणि पिंपरीच्या कंपन्यांतले. बाई मी एकटीच. पहिला बाक रिकामा ठेवलेला होता, तो माझ्यासाठी. वर्षभर त्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. ते सगळे सभ्य होते, वाट द्यायचे, दार धरायचे. पण मधल्या सुट्टीत चहाला सगळे मिळून बाहेर जायचे आणि मी फळ्याकडे बघत बसायचे.

वर्गात कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजातही नव्हता. शिकवायला येणारे सर तरुण होते, मूळचे संख्याशास्त्राचे. त्यांनी फळ्यावर चौकोन काढले आणि म्हणाले, "हे यंत्र. इथून माहिती आत जाते, इथे ती साठते, इथे हिशेब होतो, इथून उत्तर बाहेर येतं. आता यातलं काहीच तुमच्यासमोर नाहीये, तर कल्पना करा." आम्ही कल्पना केली. पोहायला शिकायचं आणि पाणी मात्र फळ्यावर, असा तो प्रकार होता. तरी मला तो वर्ग फार आवडला.

पहिला गृहपाठ होता चहाचा. चहा करायची कृती पायरीपायरीने, चौकटी आणि बाण काढून मांडायची. याला फ्लोचार्ट म्हणतात असं सरांनी सांगितलं. मला वाटलं, हे तर आपलंच राज्य. मी पाणी ठेवलं, साखर घातली, मग चौकट काढली, 'पाणी उकळलं का?' नसेल तर बाण मागे, परत बघ. असेल तर पुढे, चहाची पूड. सरांनी माझा कागद हातात घेतला आणि हसले.

"बाई, स्टो कुठे पेटवलाय तुम्ही?"

मी पाहिलं. स्टो पेटवायचा राहिला होता.

"तुमचं यंत्र जन्मभर पाण्याकडे बघत बसेल," सर म्हणाले. "त्याला कंटाळा येणार नाही आणि शंकाही येणार नाही. आपण न सांगितलेलं त्याला काहीएक कळत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर अर्धा कोर्स झाला."

सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात पुन्हा तो चहा केला, स्टोला पिन मारण्यापासून.

हॉलमध्ये मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण लपवलंही नव्हतं. पंधराएक दिवसांनी फलकावर नोटीस लागली. स्टोअर्सचे हिशेब पुढच्या वर्षापासून पुण्यातल्या एका केंद्रातून कॉम्प्युटरवर करून घेण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी खात्यातल्या एका कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण सुरू आहे. त्या दिवशी संध्याकाळी फाटकापाशी युनियनची सभा झाली. त्या काळात बँकांत, विम्यात, सगळीकडेच कॉम्प्युटरविरुद्ध घोषणा चालू होत्या. यंत्र आलं की माणूस जाणार, असं लोक म्हणायचे, आणि तसं म्हणणाऱ्यांना वेडं म्हणावं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन आबांच्या टेबलापाशी गेले. तिथे माझी खुर्ची नव्हती. कुणीतरी ती उचलून भिंतीला लावली होती. सगळे जेवत होते आणि एकानेही वर पाहिलं नाही. मला वाटलं, चुकून झालं असेल. मी खुर्ची आणायला वळले तेवढ्यात आबा म्हणाले, "बाई, तुमचं टेबल आहे ना तिकडे?"

त्यांनी मला बाई म्हटलं, तेही अहो-जाहो करून. आवाजात राग नव्हता. बाहेरच्या माणसाशी बोलावं तसा तो आवाज होता. मी माझ्या टेबलावर जाऊन डबा उघडला. समोर भिंत होती. घास गिळताना त्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू जातोय असं मला वाटत होतं.

असं ठरलंच होतं म्हणे. कामापुरतं बोलायचं, त्याखेरीज नाही. कागद पुढे सरकवले जायचे. मी "सुट्टीचा अर्ज कुणाकडे द्यायचा?" असं विचारलं तर बोट दाखवलं जायचं. शटलमध्ये आमच्या कारखान्याची मंडळी एका डब्यात बसायची. मी त्या डब्यात चढले की गप्पा थांबायच्या. मग मी पुढच्या डब्यात बसायला लागले, देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला जाणाऱ्या लोकांमध्ये, जे मला ओळखत नव्हते. न ओळखणाऱ्यांत बसणं सोपं जायचं.

तळेगावच्या टायपिस्टने मला एकदा नळापाशी गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ती भराभरा बोलली.

"माझ्यावर राग धरू नकोस. मला त्याच लोकांत दिवसभर बसायचंय. आणि घरी भावाची नोकरीही इथलीच आहे."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"तू काही म्हणत नाहीस तेच तर." ती रडवेली झाली होती. "सोडून का देत नाहीस तो कोर्स? काय मिळणार आहे तुला?"

 मला शिकायला आवडतंय, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते त्या नळापाशी उभं राहून फार किरकोळ वाटलं असतं.

युनियनचे सेक्रेटरीही एकदा माझ्याशी बोलले. ते जोडणीखात्यातले, हाताला कायम ऑइलचा वास असलेले, सरळ गृहस्थ होते. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, मला भांडायचं नाही. एकच सांगा. ते यंत्र आलं की या हॉलमधली किती माणसं लागणार नाहीत?"

"मला माहीत नाही, भाऊ. खरंच नाही."

"कोर्समध्ये ते शिकवत नाहीत?"

"नाही."

 ते म्हणाले, "शिकवायला पाहिजे," आणि गेले. पुढच्या रविवारी मी सरांना तो प्रश्न विचारला. सर फळा पुसायला लागले. "नवी कामंही निघतील," असं ते म्हणाले, पण त्यांनी माझ्याकडे बघून ते म्हटलं नाही.

आई बिचारी तिच्या परीने समजून घ्यायची. ती मूळची नाणे मावळातली. लोणावळ्यात इतकी वर्षं राहून, बंगलेवाल्यांकडे काम करूनही तिची बोली बदलली नव्हती.

"तितं जाऊन तू करतीस तरी काय गं?"

"कार्डांना भोकं पाडायची, आई. जाड कागदाची कार्डं असतात. मशीननं त्याला भोकं पाडली की ते यंत्राला वाचता येतं."

"भोकं पाडाया कालिजात जावं लागतं व्हय?"

मी खूप दिवसांनी पोट धरून हसले. आई पण हसली, मग गंभीर झाली. "आन् त्येच्यासाटी लोक तुज्याशी बोलंनात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगंल? तुजा डबा रोज निम्मा वापस येतोय. मला दिसत न्हाई व्हय?"

त्या पावसाळ्यात आई तिच्या माहेरी भातलावणीला गेली. मामाकडे माणसं कमी होती. लोणावळ्याचा आषाढ ज्याने एकट्याने काढलाय त्यालाच तो ठाऊक. दिवसभर धुकं खिडकीला चिकटून असतं, भिंतींना पाझर फुटतात, कपडे वाळत नाहीत, काडेपेटीतली काडी पेटत नाही. हवा खायला येणारे लोक तेव्हा यायचे नाहीत, बंगल्यांना कुलपं असायची. मी संध्याकाळी घरी आले की सकाळी कुलूप लावल्यापासून दिवसभरात आपण काय बोललो ते आठवायचे. काही काही दिवस तिकिटाच्या खिडकीवरचं 'एक लोणावळा' आणि 'हो साहेब' एवढंच निघायचं. मग मी स्वतःशी मोठ्याने बोलायला लागले. भाजी चिरताना कांद्याला फ्लोचार्ट समजावून सांगायचे.

त्याच दिवसांत आमच्या कोर्सचं शेवटचं काम होतं. प्रत्येकाने एक प्रोग्रॅम लिहायचा, कॉलेजने आणलेल्या मशीनवर त्याची कार्डं पाडायची, आणि ती गठ्ठ्याने पुण्यातल्याच एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर चालवून बघायची. मी आमच्या स्टोअर्सचाच हिशेब घेतला. आवक, जावक, शिल्लक. शिल्लक ठरावीक आकड्याच्या खाली गेली तर समोर खूण. आबांनी मला जे शेजारी बसवून शिकवलं होतं तेच मी पायरीपायरीने यंत्राच्या भाषेत लिहिलं. लिहिताना मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता, पोरी म्हणणारा.

तपासायला म्हणून कार्डं घरी आणली आणि ती दमट झाली. फुगलेली कार्डं यंत्राच्या तोंडात अडकली. तिथला ऑपरेटर वैतागला. "कुठून आणता हो ही? पाण्यातून?" मी म्हटलं, लोणावळ्यातून. तो म्हणाला, "मग बरोबर."

आई दोन दिवसांसाठी घरी आली होती तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती उठली, तांदळाचा डबा उघडला आणि म्हणाली, "हितं खुपस. तांदूळ वल वढून घेतोय." नवी पाडलेली कार्डं फडक्यात गुंडाळून मी आठवडाभर आंबेमोहोरात ठेवली. पुढच्या खेपेला ती सुरळीत गेली. फक्त त्यांना भाताचा वास येत होता. ऑपरेटरने एक कार्ड नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही.

कॉम्प्युटरच्या त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत थंडगार, धूळ नाही, काचेच्या भिंती. फोटोतल्यासारखी कपाटं होती आणि त्यांतून सतत घरघर येत होती. कार्डं सुरळीत गेली तरी पहिल्यांदा माझा प्रोग्रॅम चालला नाही. एका ओळीच्या शेवटी पूर्णविराम राहिला होता. मी ते एक कार्ड परत पाडलं. दुसऱ्यांदा दिलं तेव्हा मोठ्या छपाईयंत्राने खडखडाट केला आणि कागद बाहेर यायला लागला. एकाखाली एक, सरळ रेषेत, आमच्या हॉलमधले आकडे. बेअरिंग. बोल्ट. वॉशर. शिल्लक. जिथे हवी तिथे खूण. ज्याला आम्हाला अख्खा दिवस लागायचा ते मी चपला काढून उभी होते तेवढ्यात झालं.

सर म्हणाले, "शाब्बास." ते मनापासून म्हणाले. मग ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळले.

मी कागदाची घडी छातीशी धरून शिवाजीनगर स्टेशनावर आले. मला कुणालातरी सांगायचं होतं. आई माहेरी परत गेली होती. हॉलमध्ये सांगता येण्यासारखं कुणी नव्हतं. वर्गातले लोक आपापल्या गटाने गेले होते. स्टेशनाबाहेर मी कांदाभजी घेतली आणि बाकावर बसून एकटीने खाल्ली. शेजारी एक म्हातारी मावशी टोपली घेऊन बसली होती. तिने माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघून विचारलं, "कसला कागद हाय बाई?"

"मी केलेला हिशेब आहे, मावशी. यंत्रानं केला, पण मी सांगितला तसा."

"बरुबर आला का?"

"आला."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि मी पुढे केलेलं भजं तिने घेतलं. त्या दिवशी माझं कौतुक एवढ्या दोघांनीच केलं, सरांनी आणि तिने.

पावसाळा सरता सरता कारखान्याने ठरवलं की काही महिने दोन्ही हिशेब सोबत चालवायचे. हॉलमध्ये नेहमीप्रमाणे हाताने, आणि पुण्यात यंत्रावर. मग दोन्ही ताडून बघायचे. ताडायला साहेबांनी दोन माणसं नेमली, आबा आणि मी.

आम्ही आबांच्या टेबलावर समोरासमोर बसलो. त्यांच्यापुढे हाताने लिहिलेली शिल्लक, माझ्यापुढे पुण्याहून आलेले लांब कागद. मी आकडा वाचायचा, त्यांनी त्यांचा वाचायचा. जुळला की पुढे.

"चारशे बारा."

"चारशे बारा. पुढे."

"नव्वद."

"नव्वद. पुढे."

दिवसच्या दिवस आम्ही तेवढंच बोललो. ज्यांनी मला आवक-जावक शिकवली त्यांच्याशी मी आकड्यांशिवाय एक शब्द बोलत नव्हते. कधी मला वाटायचं की हेही बरंच आहे, निदान आवाज तरी ऐकू येतो. आकडे जुळत गेले तसा हॉलमधला एकेक जण हळूच मान वर करून बघायला लागला. जुळू नयेत असं त्यांना वाटत होतं. मला काय वाटत होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

मग एका ढगाळ दुपारी न जुळणारे आकडे सुरू झाले.

"एकशे सतरा," मी वाचलं.

"एकशे अकरा."

आम्ही थांबलो. मी खूण केली, पुढे गेले. चार ओळींनी पुन्हा तसंच. मग पुन्हा. हॉलमध्ये कुजबुज झाली. पलीकडच्या रांगेतून एकजण जवळजवळ हसतच म्हणाला, "बघा, चुकलं यंत्र." साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

आबांपुढचा हाताने लिहिलेला कागद मला समोरून उलटा दिसत होता. आकडे स्पष्ट होते. कागदावर सतराच लिहिलेलं होतं. कागद बरोबर होता, यंत्रही बरोबर होतं. आबा चुकीचं वाचत होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आता कागद उचलून डोळ्यांच्या अगदी जवळ नेला होता. मी पुष्कळ दिवसांत त्यांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर दुधासारखं काहीतरी आलं होतं.

"साहेब," मी म्हणाले, "इथे उजेड कमी आहे. हे उरलेलं आम्ही उद्या सकाळी खिडकीपाशी बसून बघू का?"

साहेब हो म्हणाले. आबांनी कागद मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी टेबल लावलं. मी हळू आवाजात म्हटलं, "आबा, दोन्ही मीच वाचते. तुम्ही नुसते पुढे म्हणा." त्यांनी मान हलवली. मी दोन्ही कागदांवरचे आकडे वाचत गेले. थोड्या वेळाने, कुणी जवळ नाही असं बघून, ते म्हणाले, "साहेबांनी मला आधी विचारलं होतं. कोर्सला जाता का म्हणून."

मी वाचायची थांबले.

"मी नाही म्हटलं. युनियनचं कारण सांगितलं. पण फळ्यावरचं दिसणारच नव्हतं, तर जाऊन काय करणार होतो?" त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि डोळे टिपले. ते रडत नव्हते, त्यांच्या डोळ्यांतून तसंच पाणी यायचं. "वर्ष झालं. घरी पण सांगितलेलं नाही. मग तू गेलीस, आणि मला सगळा राग तुझाच आला."

"डॉक्टरांना दाखवू या ना, आबा."

"नोकरी जाईल."

"नाही जाणार. तळेगावच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात. मी येते बरोबर."

"तू कशाला? लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याशी बोलतच नाहीत," मी म्हटलं. त्यावर ते पहिल्यांदा हसले, आणि लगेच गप्प झाले, कारण त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन झालं. मी रजा टाकून गेले. त्यांचा मुलगा आणि सून आले होते. डोळ्याला हिरवी पट्टी लावून आबा खाटेवर पडले होते. त्यांची बायको मला म्हणाली, "तुमीच त्या यंतरवाल्या बाई ना?" मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. पण तिने माझा हात धरून मला खाटेच्या कडेला बसवलं. आबा कामावर परतले ते जाड भिंगांचा चष्मा लावून. त्या दिवशी त्यांनी भिंतीजवळची खुर्ची स्वतः उचलून आपल्या टेबलाशी आणली आणि मला हाक मारली. बहिष्कार तिथे संपला.  तळेगावच्या टायपिस्टने माझ्या डब्यात तिची भाजी वाढली आणि मान खाली घालून जेवत राहिली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पण पुढेही पुष्कळ वर्षं गेली.

सेक्रेटरींच्या प्रश्नाचं उत्तर सावकाश आलं. कुणालाही कामावरून काढलं नाही. कारखान्याने तसा शब्द दिला होता आणि तो पाळला. फक्त जो जाईल त्याच्या जागी नवा माणूस घेतला नाही. वर्षभरात एकाची बदली गोदामात झाली, दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्या टाइम ऑफिसात. टायपिस्टचं लग्न झालं, ती मुंबईला गेली. आम्ही एकमेकींना रडून निरोप दिला आणि मग फक्त दिवाळीची कार्डं राहिली. आबा निवृत्त झाले तेव्हा हार घातले, फोटो काढला. जो तो गेला की त्याचं टेबल शिपाई उचलून न्यायचे, दुसऱ्या खात्याला लागायचं म्हणून. हॉलमध्ये फरशीवर टेबलांच्या पायांच्या जागी फिकट चौकोन राहिले. कार्डं पाडायचं मशीन आता आमच्याकडेच आलं होतं आणि ते मी चालवायचे. माझ्या हाताखाली एक मुलगी होती, ती दुपारपर्यंत काम संपवून पुण्याला क्लासला जायची. दुपारनंतर हॉलमध्ये मी एकटी.

आता सगळे माझ्याशी बोलायचे. साहेबलोक सल्ला विचारायला यायचे. पण ते यायचे, काम सांगायचे आणि जायचे. आई तोवर गेली होती. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, याला काही मोठं कारण नाही. विचारणारी माणसं होती तेव्हा मी शनिवार-रविवार पुण्यात होते, आणि नंतर विचारणारं कुणी राहिलं नाही.

एकदा आबा फंडाच्या काही कामासाठी कारखान्यात आले. बरेच थकले होते, नातवाने आणून सोडलं होतं. ऑफिसातलं काम झाल्यावर ते आमच्या हॉलकडे आले आणि दारातच थांबले. चष्म्यातून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढी जागा होती होय इथं?" ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मी मशीनच्या स्टुलावर बसले. चहा मागवला. त्यांनी मशीनच्या कळांवरून हात फिरवला, एक कार्ड उजेडाकडे धरून त्याच्या भोकांतून खिडकीकडे पाहिलं आणि परत ठेवलं. घरच्या भाताबद्दल बोलले. या वर्षी रोग पडला नाही म्हणाले. मग विचारलं, "दुपारी कुणाबरोबर जेवतेस, पोरी?"

मी म्हटलं, "इथेच जेवते, आबा."

 चहा संपला. नातू दारात आला, तशी मी त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या आणि फाटकापर्यंत गेले. त्यांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी हॉलमध्ये परत आले. खिडक्या लावून घेतल्या, कारण घाटाकडून पाऊस येताना दिसत होता आणि कार्डं टेबलावर उघडी होती.